बाटलीची खंडेनवमी

रामहरीचं काम नीट झालं तर ते कुणाला दिसत नसे. मिलच्या सूतखात्यात तो तेलवाला होता. हातात लांब चोचीची झारी, खांद्यावर चिंधी, आणि दिवसभर सूत काढणाऱ्या साच्यामागून साचा, बेअरिंगमागून बेअरिंग. एकेका ठिकाणी चार थेंब. तीन पडले तर धातू तापतो, पाच पडले तर सुतावर डाग येतो. बावीस वर्षं त्याने हेच केलं. त्या बावीस वर्षांत त्याच्या ओळीतलं एकही बेअरिंग जळालं नाही, आणि म्हणूनच त्याचं नाव साहेबाच्या कानावर कधी गेलं नाही. जे घडलंच नाही त्याचं कौतुक कोण करणार?

सगळ्यात अवघड काम छताजवळचं. तिथे लांबलचक शाफ्ट फिरे, आणि त्याच्यावरून खाली उतरलेल्या पट्ट्यांवर खालचे सगळे साचे चालत. उन्हाळ्यात वर पत्र्याखाली भट्टी असे. बाकीचे तेलवाले अर्धी शिडी चढत आणि खालून खात्यावर देखरेख करणाऱ्या सोमलिंग जॉबरने "तेल दिलं का रं?" म्हणून हाक घातली की वरूनच "दिलं!" म्हणत. रामहरी शेवटच्या पायरीपर्यंत चढे. एकदा चक्कर येऊन तो मध्येच उतरला. सोमलिंगने विचारलं तेव्हा म्हणाला, "दोन ऱ्हायल्यात. पानी पितो आन् जातो."

सोमलिंग साऱ्या खात्याला ऐकू जाईल असं ओरडला, "ह्यो गडी खोटं बोलायला बी आळशी हाय!" खातं हसलं. पण त्या दिवसानंतर सोमलिंगने रामहरीला पुन्हा कधी विचारलं नाही. त्याच्या ओळीखालून तो न थांबता पुढे जाई.

रामहरी मूळचा केम गावचा. रेल्वेत बसून सोलापूरला आला तेव्हा मिसरूड फुटत होतं. इथे चाळीत खोली झाली, सोजरबाईशी लग्न झालं. सोजरबाई त्याच मिलमध्ये सुताच्या कांड्या भरायला जाई. पहिली दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. तिसरी मुलगी झाली तेव्हा तिचं नाव दगडाबाई ठेवलं. दगडाला कुणी नेत नाही, म्हणून.

दगडाला सहाव्या वर्षी फेफरं सुरू झालं. आधी महिन्यातून, मग आठवड्यातून दोनदा. नळावर आलं तेव्हा कपाळ फुटलं. चुलीपाशी आलं तेव्हा डावा हात भाजला. उतारे झाले, अंगारे झाले. शेजारची काशम्मा दर खेपेला कांदा फोडून नाकाशी धरी, कुणी वहाण हुंगायला देई, कुणी मुठीत किल्ल्या कोंबी. फेफरं आपल्या वेळेला येई आणि आपल्या वेळेला जाई. कुणाच्या कांद्याचं ते ऐकत नव्हतं.

मग मिलच्या डॉक्टराने चिठ्ठी देऊन त्यांना मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे डॉक्टर वळसंगकर म्हणून होते. उंच, वाकलेले, हळू बोलणारे. त्यांनी तासभर प्रश्न विचारले आणि शेवटी एक तपकिरी बाटली दिली. आत पांढऱ्या गोळ्या, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या.

"ल्युमिनल म्हणतात हिला," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी एक. एकही दिवस खाडा करायचा नाही."

रामहरीने गोळी तळहातावर घेऊन पाहिली. एवढ्याशा गोळीने काय होणार, असं त्याला वाटलं. तसं तर चार थेंब तेलही एवढंसंच असतं, असंही वाटलं.

पहिल्या महिन्यात फेफरं एकदा आलं. दुसऱ्या महिन्यात आलं नाही. तिसऱ्यात नाही. दगडा डोक्यावर घागर घेऊन नळावरून एकटी येऊ लागली, आणि तिला तशी येताना पाहून रामहरी दारात नुसता उभा राही. सोजरबाई कुणाला काही सांगत नसे. बोललं तर नजर लागेल. रात्री नवऱ्याला फक्त एवढंच म्हणे, "आज बी न्हाई." तो म्हणे, "व्हय." असे अकरा महिने गेले.

गोळी द्यायचं काम रामहरीने स्वतःकडे ठेवलं होतं. पहाटे मिलचा पहिला भोंगा झाला की बाटली काढायची, गोळी, पाण्याचा घोट, तोंड उघडून दाखव म्हणायचं, आणि मग दुसऱ्या भोंग्याच्या आत मिलचं फाटक गाठायचं. दोन भोंग्यांमध्ये अर्धा तास असे. भोंगा कधी चुकला नाही आणि गोळीही कधी चुकली नाही.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी हत्यारांची पूजा. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला धुवायचं, पुसायचं, पाटावर मांडायचं, झेंडूचं फूल वाहायचं. मांडलेलं हत्यार दसरा होऊन उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबलंय, त्याला विसावा द्यायचा. रामहरीच्या पाटावर बापाची खुरपी असे, सोजरबाईची विळी असे, आणि घरी ठेवलेली पहिली झारी, चोच मोडलेली.

त्या रविवारी भोंग्याआधीच सगळं मांडून झालं. रामहरीने कुंकवात बोट बुडवलं आणि त्याची नजर फळीवरच्या बाटलीवर गेली. या वर्षी घरात सगळ्यात जास्त कोण राबलं असेल तर ती. त्याने बाटली उतरवली, ओल्या फडक्याने पुसली आणि झारीशेजारी पाटावर ठेवली. कुंकू लावलं, फूल वाहिलं. हात जोडताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवो, आन् आजची गोळी?" सोजरबाईने विचारलं.

"सणाचं तिला बी इसावा नगं? पोरगी धडधाकट हाय की."

सोजरबाई पाटाकडे बघत राहिली. तिलाही ते बरोबर वाटलं.

त्या साली नवमी दोन दिवस होती. सोमवारीही हत्यारं पाटावरच राहिली. मंगळवारी दसरा. दगडाने नवं परकर-पोलकं घातलं आणि आपट्याची पानं वाटत साऱ्या चाळीतून फिरली. "सोनं घ्या, सोन्यावानी ऱ्हावा," असं ती म्हणे, आणि काशम्मा तिच्या गालावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडी.

बुधवारी पहाटे रामहरी उठला. अंघोळ करून उत्तरपूजा करायची, बाटली उचलायची, गोळी द्यायची, असं त्याच्या मनात होतं. डोक्यावर पहिला तांब्या ओतला आणि भोंगा झाला. भोंग्यातच सोजरबाईची किंकाळी आली.

दगडा अंथरुणावर ताठ झाली होती. डोळे वर गेलेले. मग झटके सुरू झाले. रामहरी तिच्याशेजारी बसला. हे त्याला ठाऊक होतं. शंभर आकडे मोजले की ओसरतं. त्याने शंभर मोजले. ओसरलं नाही. दोनशे मोजले. हात, पाय, जबडा एकाच तालात हलत होते. मध्ये एकदा अंग सैल पडलं. सोजरबाईने "बाय माझे" म्हणून तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोच पुन्हा सुरू झालं, पोरगी शुद्धीवर न येताच. काशम्मा कांदा घेऊन धावली. चाळीतले दोन गडी पाय धरायला आले. नऊ वर्षांची पोर, अंगात काही नाही, पण त्या दोघांना ती आवरेना. ते काही तिचं बळ नव्हतं. पट्टा तुटून भार सुटलेलं इंजिन जसं आपल्याच ओढीने वेडं होतं, तसं काहीतरी तिच्यात शिरलं होतं.

दुसरा भोंगा झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या भोंग्याला रामहरी फाटकात नव्हता. त्याने मुलीला उचललं आणि टांग्याच्या अड्ड्याकडे पळाला.

टांग्यात सोजरबाईने तिचं डोकं धरलं होतं. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "गोळीचं बोलू नगासा. सायेब रागं भरतील. हाकलून दिलं तर कुटं जायाचं?"

 मुलीचे पाय रामहरीच्या छातीवर आपटत होते.

दवाखान्यात डॉक्टर वळसंगकर नुकतेच आले होते. त्यांनी टोपीही काढली नाही. दगडाला खाटेवर ठेवलं. चंद्रव्वा नावाची थोराड नर्स होती, अक्कलकोटकडची. तिने एका हाताने पोरीला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला आणि पाय धरायला आलेल्या शिपायाला बाजूला सारलं. "धरू नको. हाड मोडतंय. नुसतं आपटू देऊ नको."

"किती वेळ झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्या भोंग्याला लागलं सायेब. दुसरा व्हऊन गेला. थांबलंच न्हाई."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाऊण तास." त्यांचा आवाज चढला नाही, पण चंद्रव्वाने मान वर केली. "मध्ये शुद्धीवर आली?"

"न्हाई."

"गोळ्या रोज दिल्या?"

"दिल्या की सायेब!" सोजरबाई घाईने म्हणाली. "रोजच्या रोज. ह्यांच्याच हातानं."

डॉक्टर कपाटाकडे वळले. "मग अंगात औषध आहे आणि तरी हे चाललंय. चंद्रव्वा, सोडियम ल्युमिनल काढ. पूर्ण नको. अर्धंच. आधीच्यावर पूर्ण गेलं तर श्वास बंद पडेल."

रामहरी खाटेच्या पायथ्याशी उभा होता. अर्धं, हे त्याला कळलं. शिडीवर अर्धं चढून "दिलं" म्हणायचं, तसलं अर्धं. सोजरबाईची नजर त्याच्यावर होती. ती नजर सांगत होती, गप. बोललं तर ही बाटली जाईल, हा दवाखाना जाईल. आणि दगडाचा जबडा तालात हलत होता, ओठ निळे पडत चालले होते.

"सायेब."

डॉक्टर थांबले.

"तीन दिस गोळी दिली न्हाई. आज चौथा."

सोजरबाईने तोंडावर पदर धरला.

"का?"

"खंडेनवमीला पाटावर मांडली. हत्यारांबरुबर. मांडलेलं उचलत न्हाईत." त्याने दगडाकडे पाहिलं. "खाडा न्हवता सायेब. सण व्हता."

"अय्यो शिवा," चंद्रव्वा पुटपुटली.

डॉक्टरांनी रामहरीकडे पाहिलं. ओरडतील असं त्याला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चंद्रव्वाला म्हणाले, "पूर्ण काढ. अंगात काही उरलेलं नाही. म्हणूनच हे झालं." आणि मग रामहरीला, "आत्ता बोललास ते बरं केलंस. बाकीचं नंतर."

पुढचं सगळं रामहरीने पाहिलं. त्याला हातांची पारख होती. काचेची छोटी कुपी, आत चिमूटभर पांढरी भुकटी. डॉक्टरांनी कानशीने कुपीच्या मानेवर एक रेघ ओढली आणि टोक मोडलं. एक कणही सांडला नाही. पाणी उकळून आधीच निवत ठेवलेलं होतं. भुकटी पाण्यात सोडली आणि ते थांबले. पोरीला झटके येत होते, आई रडत होती, आणि हा माणूस काच उजेडाला धरून भुकटी पुरती विरघळायची वाट बघत होता. विरघळली. पिचकारीत ओढून घेतली, सुई वर करून हवा काढली, टोकावर एक थेंब आला तो टाकला, आणि दंडात सुई घातली. हलणाऱ्या दंडात, न चुकता.

"झालं?" रामहरीने विचारलं.

"दिलं," डॉक्टर म्हणाले. "आता त्याला वेळ द्यायचा."

एवढंसं पाणी. झारीची चोच पुसताना चिंधीला याहून जास्त तेल लागतं. दोन गडी जे आवरू शकले नाहीत ते हे आवरणार?

काहीच झालं नाही. रामहरी मोजत होता. त्याच्या एका श्वासात तिचे सात झटके. मग पुन्हा सात. पुन्हा सात. बाहेर टांगेवाला घोड्याशी बोलत होता, "ऱ्हा रं, येत्याल." रामहरीला रविवार आठवला. दसऱ्याच्या सुटीच्या बदल्यात रविवारीही मिल चालू होती, आणि सोमवारीही. त्या दोन्ही दिवशी तो दुसरी झारी घेऊन शिडी चढला होता आणि प्रत्येक बेअरिंगला चार थेंब देऊन आला होता. शाफ्ट फिरतो आहे तोवर तेल थांबत नाही, सण असो की सुतक, हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? मिलचं तेल त्याने एक दिवस थांबवलं नाही, आणि आपल्या लेकीचं थांबवलं. तेही हात जोडून. तो खाटेची कड धरून उभा राहिला.

सात. सात. मग सहा.

चुकलं असेल म्हणून त्याने पुन्हा मोजलं. सहा. बऱ्याच वेळाने पाच. डॉक्टरांचा हात तिच्या मनगटावर, डोळे घड्याळावर. चंद्रव्वाने फेस पुसला आणि त्यानंतर पुन्हा पुसावा लागला नाही. चार. डावा पाय थांबला. मग उजवा. हाताची बोटं थोडा वेळ एकटीच हलत राहिली, जशी इंजिनाची वाफ बंद केल्यावर मोठं चाक आपल्याच जडपणाने फिरत राहतं. तसलं चाक कुणी धरून थांबवत नाही. ते थांबेपर्यंत बघत उभं राहायचं असतं. रामहरी बघत उभा राहिला. एक. मग खूप वेळ काही नाही. मग एक बारीकसा.

मग काहीच नाही.

खोलीत एकदम शांतता झाली. आयुष्यभर आवाजात राबलेल्या माणसाला शांततेची भीती असते. मिलमध्ये असं शांत झालं की समजायचं, इंजिनच बंद पडलं. त्याला वाटलं, संपलं. सोजरबाईलाही तेच वाटलं असावं, कारण तिचं रडणंही थांबलं. रामहरी खाली वाकला आणि त्याने आपला तेलकट, जाड कातडीचा हात मुलीच्या नाकापुढे धरला. त्या हाताला ऊन कळत नसे, थंडी कळत नसे. पण श्वास कळला. उबदार आणि सावकाश. मग दगडा चक्क घोरायला लागली.

"झोपली, यव्वा, झोपली," चंद्रव्वा सोजरबाईला म्हणाली आणि तिला धरून खाली बसवलं. "बापावानी घोरती बग."

रामहरी हात मागे घेईना. त्याला साचा आठवला. दांडी ओढून पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला की साचा थांबतो, पण वरचा शाफ्ट फिरतच राहतो. इथे तेच झालं होतं. कुणीतरी आत जाऊन नेमका तोच पट्टा सरकवला होता. हात-पाय थांबवले आणि श्वास चालू ठेवला. काळीज चालू ठेवलं. कोण गेलं आत? चिमूटभर भुकटी.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "त्या भुकटीला कसं कळतं, काय थांबवायचं आन् काय न्हाई?"

डॉक्टरांनी आता कुठे टोपी काढली. कपाळावर घाम होता. 

"ते मलाही नीट ठाऊक नाही रामहरी," ते म्हणाले. "किती द्यायचं तेवढं ठाऊक आहे. आणि तेही तू खरं सांगितलंस म्हणून."

डॉक्टराला ठाऊक नाही, याने तो आणखीच चकित झाला. एवढी अद्भुत गोष्ट त्याच्यासमोर घडली होती, ती घडवणाऱ्यालाही तिच्या पोटातलं ठाऊक नव्हतं, आणि तरी त्या माणसाने भुकटी विरघळायची वाट बघितली होती, एक थेंबसुद्धा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. यापुढे कशाच्या पाया पडायचं असेल तर अशा हातांच्या, असं त्याला वाटलं. पण तो पाया पडला नाही. पडला असता तर डॉक्टरांना मागे सरावं लागलं असतं, आणि ते मनगट धरून बसले होते.

दगडा दुसऱ्या दिवशी दुपारी जागी झाली. डोळे उघडून तिने आधी नव्या परकराची चौकशी केली. जीभ चावल्यामुळे बोलणं बोबडं येत होतं. "फाटला का?"

"न्हाई गं बाय," सोजरबाई म्हणाली. तो फाटला होता.

घरी निघताना डॉक्टरांनी नवी बाटली दिली. सोजरबाईने ती दोन्ही हातांनी घेतली. ते रागावलेच नाहीत, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. रामहरीला मात्र त्यांनी दारात थांबवलं. "पुढच्या वर्षी खंडेनवमी येणार आहे."

"व्हय सायेब."

"काय करशील?"

रामहरीने विचार केला. जे पाळता येणार नाही ते बोलायची त्याला सवय नव्हती. "पूजा करीन," तो म्हणाला. "गोळी दिल्यावर."

खात्यात सोमलिंगने विचारलं, दोन दिवस कुठे होतास. रामहरीने झालेलं सगळं सांगितलं, पाटासकट. कुणी हसलं नाही. मग सोमलिंग म्हणाला, "तुज्या वळीला दोन दिस पल्याडच्या वळीच्या येडूनं तेल दिलं. दिलं म्हनला तरी. जरा बगून घे." रामहरी झारी भरून शिडी चढला. वरची तीन बेअरिंगं कोरडी होती, हात लावला तर चटका बसावा अशी. त्याने प्रत्येकाला चार-चार थेंब दिले आणि ती निवेपर्यंत वरच, पत्र्याखाली, बसून राहिला.

पुढल्या खंडेनवमीला पाटावर खुरपी होती, विळी होती, मोडक्या चोचीची झारी होती. बाटली फळीवरच होती. भोंगा झाला. रामहरीने गोळी काढली, दगडाला दिली, पाणी दिलं, तोंड उघडून दाखव म्हणाला. तिने जीभ काढून दाखवली आणि वेडावलं. मग त्याने कुंकवात बोट बुडवलं, पाटावरच्या हत्यारांना लावलं, आणि उठून, टाचा उंच करून, फळीवरच्या बाटलीला ती होती तिथेच एक ठिपका लावला.

पूर्वीचे ठिपके पुसायचे नाहीत, असं त्याने सोजरबाईला सांगून ठेवलं होतं. बाटल्या बदलत गेल्या, म्हणून मग तो ठिपका बाटलीमागच्या भिंतीवर देऊ लागला. दगडाचं लग्न झालं तेव्हा तिथे नऊ ठिपके होते. सासरी जाताना तिने तांदूळ, आरसा आणि बाटली एकाच गाठोड्यात बांधली. नवऱ्या मुलाला रामहरीने बाजूला घेऊन सगळं सांगितलं, कधी, किती, आणि का. मुलगा हातमागावरचा होता, कामाचा. त्याने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी फक्त म्हणाला, "भोंगा आमच्याकडं ऐकू येत न्हाई. पर मी उजाडायच्या आदी मागावर बसतो. त्या येळंला दिली तर चालंल?"

रामहरीने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"चालंल," तो म्हणाला.